एडीएचडीची गोळी आणि नैराश्याची गोळी एकत्र घेताना

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे, चंचलता, उतावळेपणा यांचा विकार) मिथाइलफेनिडेट आणि नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रॅम, अशा दोन गोळ्या मी गेली काही वर्षे रोज सकाळी घेते. नैराश्याचे निदान आधी झाले. एडीएचडी ओळखला गेला तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे निम्मे आयुष्य स्वतःला आळशी आणि धांदरट समजण्यात गेल्यावर. कोथरूडमधले शेजारी, कार्यालयातले सहकारी आणि त्यांच्या ओळखीची माणसे आता मला तेच प्रश्न विचारतात जे मला तेव्हा पडले होते: या दोन गोळ्या एकत्र चालतात का, हृदयाला त्रास होतो का, काय सांभाळायचे. मी डॉक्टर नाही, आणि कोणी किती मिलिग्रॅम घ्यावे हे मी सांगणार नाही, कारण ते रुग्णाला समोर बसवून, तपासूनच ठरते. मात्र औषध लिहून दिल्यानंतर ते रोजच्या जगण्यात कसे बसवायचे, हे तपासणीच्या दहा मिनिटांत कोणी सविस्तर सांगू शकत नाही. तेवढ्यासाठी हा लेख आहे.

ही जोडी जगभर नियमितपणे दिली जाते आणि देखरेखीखाली बहुतेकांना ती सोसते. माझ्या पाहण्यात गाडी अडली ती मुख्यतः दोन ठिकाणी: एकाच आठवड्यात दोन बदल केले गेले तेव्हा, आणि कोणी हिशेबातच न धरलेली तिसरी गोळी मध्ये आली तेव्हा. पुढचे बरेचसे लेखन या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आपल्याकडे मिळणारे औषध

इंटरनेटवरची पुष्कळ माहिती अमेरिकी वाचकांसाठी लिहिलेली असते आणि तिच्यात ॲडेरॉलचे नाव सतत येते. ॲडेरॉल हे ॲम्फेटामिन गटातले औषध आहे आणि ते भारतातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. आपल्याकडे एडीएचडीचे उत्तेजक औषध म्हणजे व्यवहारात मिथाइलफेनिडेट. हा फरक केवळ नावाचा नाही. ॲम्फेटामिनचे काही प्रमाणात विघटन यकृतातल्या सीवायपी२डी६ या विकरामुळे (एन्झाइममुळे) होते, आणि फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन ही नैराश्यावरची औषधे त्याच विकराला अडवतात, त्यामुळे शरीरात ॲम्फेटामिनची पातळी वाढू शकते. मिथाइलफेनिडेटचे विघटन मुख्यतः वेगळ्याच विकरामुळे होत असल्याने तो इशारा त्याला तसाच्या तसा लागू पडत नाही. परदेशी मजकूर वाचून घाबरण्याआधी तो कोणत्या औषधाबद्दल आहे, हे पाहावे.

मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण तीन ते चार तास टिकतो, तर दीर्घ परिणामाच्या गोळीचा, प्रकारानुसार, आठ ते बारा तास. दीर्घ परिणामाची गोळी चावू नये, कुटू नये आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धी करू नये, कारण दिवसभरात हळूहळू सुटायचे औषध मग एकदम रक्तात येते.

औषध मिळवणे हे पुण्यातही एक कामच असते. मिथाइलफेनिडेट हे औषध नियम १९४५ मधील शेड्युल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येते आणि १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या यादीतही आहे. त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि हे औषध विकण्याचा वेगळा परवाना नसलेले दुकान ते ठेवूच शकत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नाही म्हटले तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनाच विचारावे की त्यांचे रुग्ण हे औषध कुठून घेतात, आणि जाण्याआधी फोन करून साठा आहे का ते विचारावे. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्युल एक्समधली औषधे ऑनलाइन तपासणीवर लिहून देता येत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष भेट ठरवावीच लागते. आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची सोय करावी. गणपतीत, विशेषतः अनंत चतुर्दशीला, मध्यवर्ती पेठांतले रस्ते वाहनांना बंद असतात आणि दिवाळीत अनेक दवाखाने. हे दोन्ही आठवडे कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावेत. खासगी उपचार परवडत नसतील तर ससून सर्वोपचार रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही दोन सरकारी दारे आपल्या शहरात आहेत.

इथे एक कळकळीची विनंती. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले परीक्षेपूर्वी एकमेकांकडून ही गोळी मागतात, असे मी प्रत्यक्ष ऐकले आहे. आपली गोळी कोणालाही देऊ नये. ते बेकायदेशीर आहे. शिवाय समोरचा मुलगा घरी न सांगता नैराश्याचे कोणते औषध घेतो, त्याला पूर्वी फिट आली होती का, त्याच्या हृदयाचे काय, हे आपल्याला ठाऊक नसते.

नैराश्याचे औषध कोणते, यावर बरेच अवलंबून

“नैराश्याची गोळी” हा शब्द फार ढोबळ आहे. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन हा गट सेरोटोनिनवर काम करतो, तर मिथाइलफेनिडेट मुख्यतः डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिनवर; ही तिन्ही मेंदूत संदेश पोचवणारी रसायने आहेत. म्हणून या दोहोंत थेट टक्कर कमी होते. तरीही मिथाइलफेनिडेटमुळे नैराश्यावरच्या काही औषधांचे विघटन मंदावू शकते, म्हणून ते सुरू करताना किंवा बंद करताना आधीच्या गोळीच्या डोसाकडे डॉक्टर पुन्हा एकदा पाहतात.

व्हेनलाफॅक्सिन, डेसव्हेनलाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन ही औषधे नॉरॲड्रेनलिनही वाढवतात. मिथाइलफेनिडेटही तेच करत असल्याने दोन्ही मिळून रक्तदाब आणि नाडी वर जाऊ शकते. ही जोडी निषिद्ध नाही, पण घरी रक्तदाबाचे यंत्र नसताना ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्युप्रोपिऑन काही डॉक्टर एडीएचडी आणि नैराश्य या दोहोंचा विचार करून देतात, आणि सिगारेट सोडवण्यासाठीही ते वापरले जाते. त्याने फिट येण्याची शक्यता थोडी वाढते आणि डोसाबरोबर ती आणखी वाढते, म्हणून ज्यांना अपस्मार आहे किंवा खाण्याशी निगडित आजार होता, त्यांना ते देत नाहीत. उत्तेजक औषधाबरोबर ते घ्यायचे असेल तर पूर्वी एकदाही फिट आली असल्यास, अगदी लहानपणी तापात आली असली तरी, ते सांगावे.

ॲमिट्रिप्टिलिन आणि इमिप्रामिन या जुन्या गटाबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण ॲमिट्रिप्टिलिन पुष्कळांना अर्धशिशीसाठी, मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी कमी डोसात दिलेले असते आणि ते घेणाऱ्याला आपण नैराश्याच्या गटातले औषध घेतो याची कल्पनाही नसते. या गटाचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. मिथाइलफेनिडेट जोडण्याआधी डॉक्टर ईसीजी काढायला सांगतील, आणि त्यांनी नाही सांगितले तर आपण विचारावे.

मिर्टाझापिनने झोप येते आणि भूक वाढते, त्यामुळे उत्तेजक औषधाने भूक मेलेल्या काहींना ते उलट मानवते. ट्रॅझोडोन झोपेसाठी लिहिले जाते. ते आणि मिथाइलफेनिडेट या दोन्हींचा एक दुर्मिळ दुष्परिणाम पुरुषांनी माहीत करून घ्यावा. लिंगाची वेदनादायक ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर लाज न बाळगता तातडीने रुग्णालय गाठावे, अन्यथा कायमची इजा होऊ शकते.

एकच गट असा आहे की जिथे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ट्रॅनिलसायप्रोमिन, फेनेल्झिन, सेलेजिलिन यांसारखी एमएओ-रोधक औषधे (वर सांगितलेली मेंदूतली रसायने मोडणाऱ्या विकराला अडवणारी) चालू असताना, किंवा ती बंद करून १४ दिवस झालेले नसताना, मिथाइलफेनिडेट घेता येत नाही, कारण रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. नैराश्यासाठी ही औषधे आता क्वचितच दिली जातात, पण लिनेझोलिड हे प्रतिजैविकही सौम्य प्रमाणात तसेच वागते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारात ते वापरले जाते. क्षयाचा उपचार सुरू होत असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगावे.

मिथाइलफेनिडेट मिळणे अवघड म्हणून अनेकांना ॲटोमॉक्सेटिन दिले जाते. ते उत्तेजक नाही, शेड्युल एक्समध्येही नाही, म्हणून ते अधिक निरुपद्रवी असेल असा समज होतो. पण त्याचे विघटन होते ते त्याच सीवायपी२डी६ विकरामुळे. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असताना ॲटोमॉक्सेटिनची पातळी कित्येक पटींनी वाढू शकते, म्हणून डॉक्टर ते कमी डोसावर सुरू करतात आणि प्रौढांत साधारण चार आठवडे थांबूनच वाढवायचे की नाही ते ठरवतात. आपल्याला आठवड्याभरातच डोस वाढवून मिळाला असेल आणि छाती धडधडत असेल तर फोन करून विचारावे.

सुरुवात करण्यापूर्वी

पहिल्या भेटीला जाताना घरात असलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट, एका पिशवीत घालून न्याव्यात. नाव आठवत नाही, “ती पांढरी गोळी” असे सांगण्याने काहीच कळत नाही. आपल्याला किंवा जवळच्या नात्यात कोणाला हृदयविकार, तरुण वयात अचानक मृत्यू, काचबिंदू, थायरॉईड, फिट्स यांपैकी काही आहे का, हे आधी घरच्यांना विचारून लिहून काढावे. गर्भवती असल्यास किंवा मूल हवे असल्यास तेही पहिल्याच भेटीत सांगावे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते बायपोलर विकाराबद्दल. कधी सलग चार-पाच दिवस झोपेची गरजच वाटली नाही, बोलणे आणि विचार धावत सुटले, नेहमी केला नसता असा खर्च केला, असे घडले होते का? नैराश्याचे औषध आणि उत्तेजक औषध या दोन्हींमुळे अशा व्यक्तीला उन्मादाचा झटका येऊ शकतो, म्हणून त्यांच्यात आधी मन स्थिर करणारे औषध दिले जाते. हा प्रश्न डॉक्टर विचारतातच, पण त्याचे उत्तर आपल्यापेक्षा आई, नवरा किंवा बहीण अधिक खरे देऊ शकते. एका भेटीला तरी त्यांना सोबत न्यावे.

एका वेळी एकच बदल

नैराश्य तीव्र असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी त्यावर उपचार होतो आणि एडीएचडीची गोळी नंतर येते. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळीचा उपयोग दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडे लागतात, तर मिथाइलफेनिडेटचा परिणाम पहिल्याच दिवशी तासाभरात कळतो. दोन्ही एकत्र सुरू केल्या आणि दहाव्या दिवशी अस्वस्थता वाढली, तर ती कोणामुळे वाढली हे कोणालाच सांगता येत नाही. मग बहुधा दोन्ही बंद होतात, आणि त्यातली एक कदाचित उपयोगी पडणारी असते. म्हणून दोन बदलांत किमान एक-दोन आठवड्यांचे अंतर ठेवता येईल का, असे डॉक्टरांना थेट विचारावे.

यासाठी वही हवी. मी अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक पानावर तारीख, गोळीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळची नाडी, रक्तदाब, झोपेचे तास, जेवण आणि मनाची अवस्था एवढे लिहू लागले. मोबाइलमधले ॲप मी दोनदा सुरू केले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी विसरले. गोळीच्या डबीखाली ठेवलेली वही विसरली जात नाही.

रक्तदाब मोजताना दंडावर पट्टा बांधण्याचे यंत्र वापरावे. अर्धा तास आधी चहा-कॉफी घेऊ नये, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा आणि दोनदा मोजावे. मिथाइलफेनिडेटने सरासरी नाडी मिनिटाला ३ ते ६ ठोक्यांनी आणि रक्तदाब २ ते ४ अंकांनी वाढतो; ही वाढ अपेक्षित आहे. पण ती सरासरी आहे, आणि काहींत वाढ बरीच अधिक असते. रक्तदाब वारंवार १४०/९० च्या वर येऊ लागला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवावे. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक सूचना अशी आहे की प्रत्येक डोसबदलाच्या आधी व नंतर आणि त्यापुढे दर सहा महिन्यांनी नाडी व रक्तदाब तपासावा, आणि विश्रांतीत नाडी सतत १२० च्या वर राहिली तर डोस कमी करून तज्ज्ञांकडे पाठवावे. ते अंक मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

या वहीचा मला सर्वांत मोठा उपयोग झाला तो एका वेगळ्याच कारणाने. औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात मला रोज संध्याकाळी रडू येऊ लागले, घरातल्यांवर चिडचिड होऊ लागली, आणि मी धरून चालले की नैराश्य परतले. एस्सिटॅलोप्रॅमचा डोस वाढवावा लागेल असे मी डॉक्टरांना सांगणारही होते. त्यांनी वहीची पाने उलटली आणि दाखवले की हे रोज पाच ते साडेसातच्या दरम्यानच घडते, रविवारी उशिरा गोळी घेतली की ती वेळही पुढे सरकते, आणि रात्री नऊला मन पुन्हा सावरलेले असते. ते नैराश्य नव्हते. मिथाइलफेनिडेट उतरत असताना येणारी ती घसरण होती. गोळीचा प्रकार आणि वेळ बदलली, दुपारचे जेवण नियमित झाले, आणि नैराश्याच्या औषधाला हात लावावा लागला नाही. खरे नैराश्य सहसा असे गोळीच्या वेळेबरोबर पुढे-मागे सरकत नाही. उलट बाजूही लक्षात असू द्यावी: नैराश्याच्या औषधाने काहींना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, कशातच रस राहत नाही, आणि ते एडीएचडी बळावल्यासारखे दिसते. वेळ लिहिलेली नसेल तर हे दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

रोजचा दिवस

मिथाइलफेनिडेट सकाळी, नाश्त्यानंतर किंवा त्याबरोबर घ्यावे. गोळी लागू पडल्यावर भूक राहत नाही, म्हणून पोहे-उपमा आधी पोटात गेलेला बरा. संध्याकाळी सहानंतर उत्तेजक औषध टाळावे. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांनी आपली पाळी कोणती आणि ती किती दिवसांनी बदलते, हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कोणतेही वेळापत्रक ठरवू नये.

अमृततुल्यचा चहा सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही, पण पहिले दोन आठवडे दिवसाला दोन कपांवर थांबावे आणि गोळी घेतल्यानंतरच्या दोन तासांत चहा-कॉफी घेऊ नये, हा माझा स्वतःचा नियम आहे. दारू मात्र पूर्णपणे टाळावी. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी गोळी आणि वर चहा असे झाले की धडधड, हातांना कंप आणि चक्कर येऊ शकते. एकादशी किंवा नवरात्र पाळायचे असेल तर दूध, केळे, शेंगदाणे असे काही तरी सकाळीच घ्यावे. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी अधिक प्यावे. गणपतीतल्या रात्रीच्या जागरणांबद्दल मी कठोर झाले आहे: सलग दोन रात्री झोप बुडाली की माझे मन आठवडाभर घसरते, म्हणून मिरवणूक मी दुपारी पाहते.

तिसरी गोळी

एका पावसाळ्यात मला सर्दी-खोकला झाला. जवळच्या दवाखान्यात दोन मिनिटांत सर्दीची गोळी आणि खोकल्याचे औषध मिळाले; मी रोजच्या गोळ्यांबद्दल काही सांगितले नाही आणि मला कोणी विचारलेही नाही. त्या रात्री नाडी ११८ वर होती, हात थरथरत होते, घाम थांबत नव्हता. सर्दीच्या गोळीत फेनिलएफ्रिन होते, जे रक्तदाब वाढवते. खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन होते, जे सेरोटोनिन वाढवते. दोन्ही आपापल्या जागी साधी औषधे. सकाळी माझ्या मनोविकारतज्ज्ञांनी दोन्ही बंद करायला सांगितली आणि दोन दिवसांत सगळे शमले.

तेव्हापासून कोणत्याही दवाखान्यात बसल्याबरोबर, तक्रार सांगण्याच्या आधी, मी दोन्ही औषधांची नावे सांगते. विशेष सावध राहावे ते दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलबाबत, कारण ते नैराश्याच्या औषधांबरोबर सेरोटोनिन वाढवते आणि फिट येण्याची शक्यताही वाढवते. हाडांच्या दुखण्यात आणि शस्त्रक्रियेनंतर ते सर्रास दिले जाते. दाताच्या डॉक्टरांनाही सांगावे. आयुर्वेदिक औषध म्हणजे आपोआप सुरक्षित असे नाही: दम्यावर दिल्या जाणाऱ्या सोमलतेत एफेड्रिनसारखी द्रव्ये असतात.

तातडीने जावे अशी लक्षणे

नवीन औषध किंवा वाढवलेला डोस घेतल्यावर काही तासांत, बहुधा एका दिवसाच्या आत, अतिशय अस्वस्थता, दरदरून घाम, ताप, जुलाब, स्नायू ताठ होणे, पाय आपोआप झटकणे, बाहुल्या मोठ्या होणे, संभ्रम ही लक्षणे एकत्र दिसली, तर ते सेरोटोनिनचे प्रमाण अति झाल्याचे लक्षण असू शकते. छातीत दुखणे, बेशुद्धी, फिट, अचानक अतितीव्र डोकेदुखी यांतही थांबू नये. १०८ ला फोन करावा. पंचविशीच्या आतल्या व्यक्तींत नैराश्याच्या गोळीच्या पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरातल्या एका माणसाला सगळे माहीत असावे. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीत बोलता येते, दिवसा आणि रात्रीही.

गोळी चुकली तर, आणि थांबवायची असेल तर

सकाळची दीर्घ परिणामाची गोळी राहिली आणि दुपार झाली, तर ती त्या दिवशी सोडून द्यावी; दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. काही डॉक्टर सुट्टीच्या दिवशी मिथाइलफेनिडेट न घेण्याची मुभा देतात. ती मुभा फक्त त्या गोळीपुरती असते. दोन्ही गोळ्या एकाच डबीत ठेवणारे लोक रविवारी दोन्ही वगळतात, आणि सोमवारी चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड घेऊन उठतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन घेणाऱ्यांना हे विशेष जाणवते. नैराश्याचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करतच बंद होते. मी दोन वेगळ्या रंगांच्या डब्या वापरते.

पाकिटात आधार कार्डाच्या मागे मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही औषधांची नावे, डोस, ती सुरू झाल्याची तारीख, नेहमीची नाडी आणि रक्तदाब, मनोविकारतज्ज्ञांचा आणि बहिणीचा फोन नंबर आहे, आणि खाली लाल शाईने लिहिले आहे: ट्रॅमाडॉल, लिनेझोलिड किंवा सर्दी-खोकल्याचे औषध देण्याआधी कृपया या नंबरवर फोन करावा. डोस बदलला की मी त्याच दिवशी चिठ्ठी नव्याने लिहिते आणि जुनी फाडून टाकते.